नफा ठरलेला, मग तोटा कोणाचा?

धानाचा पैसा बाजारात फिरला आणि महाशिवरात्रीची मार्कंड्याची यात्रा आटोपली, की चामोर्शीच्या दुकानदाराच्या गल्ल्यात वर्षातून एकदा बरी रक्कम दिसते. नेमक्या त्याच सुमारास कोणी ओळखीचा माणूस दुकानाच्या पायरीवर येऊन बसतो. सलाम-दुआ होते, चहा येतो, मग पिशवीतून रंगीत पत्रक निघते. "भाईजान, बँकेत ठेवाल तर व्याज येईल. आमच्याकडे व्याज नाही, हलाल नफा आहे. दरमहा शेकडा तीन, अगदी ठरलेला."

आपला व्यापारी इथेच फसतो. नफा असेल तर तो ठरलेला कसा? शरियतमध्ये मुदारबाचा व्यवहार आहे. भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची. नफा झाला तर आधी कबूल केलेल्या हिश्श्याने वाटून घ्यायचा. तोटा आला तर एकाचे भांडवल जाते, दुसऱ्याची मेहनत जाते. धंदा चालो वा बुडो, लाखामागे तीन हजार मिळणारच असे लिहून दिले, तर ते व्याजच झाले, नाव काहीही द्या. म्हणजे ज्या कारणासाठी आपण बँक टाळली, तेच पदरी घेतले, आणि बँकेची सुरक्षितता मात्र गमावली.

ही कल्पनेतली भीती नव्हे. हैदराबादच्या हीरा गोल्डने व्याजमुक्त व्यापाराच्या नावाने वर्षाला 36 टक्क्यांच्या आसपास नफ्याची आशा दाखवली. 2018 मध्ये तिच्या प्रमुखांना अटक झाली. पुढच्याच वर्षी, जून 2019 मध्ये, बंगळूरची आयएमए ही कंपनी बंद पडली आणि तिचा मालक दुबईला निघून गेला. पोलिसांकडे हजारोंनी तक्रारी आल्या. रांगेत उभे होते ते बहुतेक आपल्यासारखेच: लहान दुकानदार, कारागीर, मुलीच्या लग्नासाठी पैसे साठवणाऱ्या विधवा. 36 टक्के म्हणजे काय, हे कागद-पेन्सिल घेऊन पाहावे. नफा न उचलता एक लाख दहा वर्षे ठेवले तर एकवीस लाखांच्या वर जातात. किराणा, कापड, बांगड्या, लोखंड, यापैकी कोणता धंदा दहा वर्षे न चुकता एवढे देतो, हे वाचकांनीच सांगावे.

गळाला लावायचे आमिष तेवढे बदलते. 1990 नंतर सागवानाच्या झाडांवर पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले होते. चेन्नईची अनुभव प्लँटेशन्स 1998 मध्ये कोसळली. साग विकण्याजोगा व्हायला किती काळ लागतो, हे आलापल्लीच्या जंगलाशेजारी राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. फसले ते बहुतेक शहरातले. पीएसीएलने, म्हणजे पर्ल्सने, जमिनीच्या नावाने पैसा घेतला. 2014 मध्ये सेबीने तिला 49,100 कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. 2016 पासून न्यायमूर्ती लोढा समितीमार्फत परतफेडीचे काम सुरू झाले, पण मूळ पावत्या हरवलेल्यांचे, कागदावर एक नाव आणि बँकेत दुसरे नाव असलेल्यांचे हाल झाले.

मात्र माझ्या मते व्यापाऱ्याची सर्वांत मोठी चूक निराळी आहे. तो शिलकीतले नव्हे, दुकानाचे भांडवल अशा ठिकाणी गुंतवतो. शिंप्याचे पन्नास हजार योजनेत अडकले, की रमजानच्या तोंडावर कापड उधारीवर आणावे लागते आणि घाऊक व्यापारी भाव लावतो. मूळ रक्कम परत मिळालीच तरी तो सीझन परत मिळत नाही. त्याच पैशात दुसरे मशीन आले असते, तर कमाई डोळ्यांसमोर झाली असती. हिशेबाच्या वहीत माल, घरखर्च आणि खरी शिल्लक यांचे रकाने वेगळे असतील तर हा घोळ टळतो. आपल्याकडे किती दुकानांत असे आहेत?

प्लॉटचेही तसेच. स्वस्त मिळतो म्हणून नुसत्या स्टॅम्पवर जमीन घेणारे आहेत. गडचिरोली जिल्ह्यात सातबारा नीट पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. पैसे जातात आणि जमीनही.

पत्रक घेऊन येणारा बहुधा मामेभाऊ नाहीतर नमाजातला सोबती असतो, म्हणून विचारायला संकोच वाटतो. तरी विचारावे: लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी कोणी दिली? कंपनी नोंदलेली आहे, हे त्याचे उत्तर नव्हे. कंपनीची नोंदणी वेगळी आणि ठेवी घेण्याची परवानगी वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर ते पाहता येते. घरातले शिकलेले पोर पाच मिनिटांत पाहून देईल. "माझ्यावर विश्वास नाही का?" असे तो म्हणाला, तर सूरह बकराची 282 वी आयत त्याला दाखवावी. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयीच आहे.

ज्यांचे पैसे आधीच अडकले आहेत, त्यांनी लाजेखातर गप्प बसू नये. 1999 च्या महाराष्ट्र ठेवीदार संरक्षण कायद्याखाली अशा संस्थेची मालमत्ता जप्त करता येते, पण त्यासाठी पोलिसांत तक्रार हवी. मूळ पावती एजंटाच्या हाती देऊ नये, झेरॉक्स द्यावी.