आईच्या पाटल्या

या सदरात आपण बियाणे, खते, कीड यांविषयी बोलतो. आज घरातल्या एका पेटीविषयी सांगतो.

आईला जाऊन तीन वर्षे झाली. यंदा पावसाळ्याआधी गावाकडच्या घराचे माळवद उतरवले, तेव्हा तिची लोखंडी पेटी बाहेर काढली. आत कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यात चार-सहा फोटो आणि मी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून तिला धाडलेली पत्रे होती. तिची निळी आंतरदेशीय पत्रे माझ्याकडे होतीच. सगळी तारखेप्रमाणे लावून बसलो.

आई शाळेत गेली नव्हती. ती सांगे आणि पाचवीतली धाकटी बहीण लिहून घेई. एका पत्रात आहे, 'मालदांडीचं बी राख लावून कणगीत ठिवलंय. तुमच्या पुस्तकात काय सांगत्यात ते कळव.' मी कळवलेले दिसत नाही. माझ्या पत्रांत मेसचे बिल आणि फी, एवढेच.

जुलै १९८९ च्या पत्रात ती म्हणते, 'पैसे धाडलेत. औंदा ज्वारीला भाव बरा आला. काळजी करू नगंस.'

मग फोटो पाहिले. थोरल्या बहिणीच्या लग्नातला फोटो १९८८ चा. त्यात आईच्या हातात सोन्याच्या पाटल्या आहेत. १९८९ च्या दिवाळीतल्या फोटोत नुसती काचेची कांकणे. हा फोटो मी ३५ वर्षे पाहत आलो, पण तिच्या हाताकडे कधी नजर गेली नाही.

धाकट्या बहिणीला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'दादा, पत्र मीच लिहिलं की. आईनं शपथ घातली हुती.'

बियाणे साठवणीवर मी गावोगावच्या सभांत बोललो. राख दाण्यांच्या फटींत बसते, किड्याला हिंडू देत नाही, त्याचे अंग कोरडे पाडते. आईची रीत बरोबर होती. सगळ्यांना सांगितले, तिला सांगायचे राहिले.

बियाण्याच्या पिशवीवर जात आणि साल लिहिलेले नसेल, तर पुढे ते ओळखू येत नाही. फोटोचेही तसेच आहे. मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव, साल लिहा. पत्रांच्या टाचण्या काढा, त्या गंजतात. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, डाग पडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते, म्हणून कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवा. उन्हात वाळत घालू नका, फोटो फिका पडतो.

आणि आई घरात असेल, तर आज जेवणे झाल्यावर फोटो तिच्यापुढे ठेवून एकेकाची हकीकत विचारा. तिने काही विचारले असेल, तर त्याचे उत्तरही आजच द्या.