विश्लेषण : शेवटून पहिले या आणि पहिला खेळाडू न्या! ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या ‘ड्राफ्ट’वरून एवढे वाद का होतात?

२००८ मध्ये आयपीएलचा पहिला हंगाम सुरू होण्याआधी १९ वर्षांखालील विश्वविजेत्या भारतीय संघातल्या मुलांसाठी वेगळा ‘ड्राफ्ट’ झाला होता. लिलाव नाही, बोली नाही, फक्त निवड. दिल्लीने आपल्याच शहरातल्या विराट कोहलीला न घेता डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवानला घेतलं. कोहली बेंगळुरूकडे गेला. पुढे काय झालं, ते सांगायला नको.

आपल्याकडे हा किस्सा अजूनही मीम्समध्ये फिरतो. ऑस्ट्रेलियात मात्र असे किस्से दरवर्षी घडतात, कारण तिथल्या सर्वात लोकप्रिय लीगचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा (एएफएल) पायाच ड्राफ्ट आहे. २०२५ च्या हंगामात पर्थचा वेस्ट कोस्ट ईगल्स हा संघ २३ पैकी फक्त एक सामना जिंकला आणि तळाला राहिला. नोव्हेंबरमध्ये याच संघाने देशातल्या सर्वोत्तम तरुण खेळाडूंमधून सर्वात आधी निवड केली आणि विलेम डर्स्माला घेतलं. दोन वर्षांपूर्वीही पहिली निवड याच संघाची होती.

हरणाऱ्याला बक्षीस, ही नेमकी काय भानगड आहे? आणि पहिला नंबर मिळूनही संघ वर्षानुवर्षं तळालाच का राहतात?

ड्राफ्ट म्हणजे काय? लिलावापेक्षा वेगळा कसा?

आयपीएलच्या लिलावात ज्याच्याकडे पैसे शिल्लक, तो बोली लावतो. ड्राफ्टमध्ये पैशाचा प्रश्नच नसतो. गुणतालिकेत शेवटी असलेल्या संघाला पहिली संधी, त्याच्या वरच्याला दुसरी आणि विजेत्याला शेवटची. १८ वर्षांच्या आसपासची मुलं-तरुण यात नाव देतात आणि ज्या संघाने नाव पुकारलं तिकडे जातात. मेलबर्नचा मुलगा पर्थला आणि ॲडलेडचा मुलगा ब्रिस्बेनला जाऊ शकतो. संघ निवडण्याची मुभा त्याला नसते.

ही पद्धत १९८६ मध्ये सुरू झाली. त्याआधी श्रीमंत क्लब चांगले खेळाडू ओढून घ्यायचे. सगळ्यांना समान संधी मिळावी म्हणून दोन गोष्टी आल्या. पगारावर मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, आणि ड्राफ्ट. आज लीगमध्ये १८ संघ आहेत आणि प्रत्येकाकडे साधारण चाळीस ते पंचेचाळीस खेळाडूंची यादी असते. ही यादी बांधणं हे आता पूर्णवेळ काम झालंय. त्यासाठी प्रत्येक क्लबकडे ‘लिस्ट मॅनेजर’ असतो.

त्याच्या हातात तीन गोष्टी असतात : ड्राफ्टमधल्या निवडी, ऑक्टोबरमधल्या ‘ट्रेड’मध्ये होणारी खेळाडूंची अदलाबदल आणि करार संपलेले मोकळे खेळाडू. खरी गंमत म्हणजे ड्राफ्टमधली निवडही विकता येते. २०१५ पासून तर पुढच्या वर्षीची निवड आजच देऊन टाकता येते.

पहिली निवड विकावी की ठेवावी?

या वादाचं सर्वात गाजलेलं उदाहरण २००१ चं आहे. पर्थचाच दुसरा संघ फ्रीमँटल त्या वर्षी तळाला होता. त्यामुळे क्रमांक १ ची निवड त्यांची होती. पण त्यांना अठरा वर्षांच्या मुलाची वाट पाहायची नव्हती, लगेच खेळू शकणारा माणूस हवा होता. म्हणून त्यांनी १, २० आणि ३६ या क्रमांकांच्या निवडी हॉथॉर्न संघाला दिल्या आणि बदल्यात ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन हे दोन खेळाडू घेतले.

हॉथॉर्नने क्रमांक १ वर ल्यूक हॉज आणि क्रमांक ३६ वर सॅम मिचेल यांना घेतलं. हे दोघंही पुढे कर्णधार झाले आणि दोघांनीही २००८, २०१३, २०१४ आणि २०१५ अशी चार विजेतेपदं जिंकली. क्रोड दोन हंगामांनंतर फ्रीमँटल सोडून परत हॉथॉर्नलाच गेला आणि २००८ च्या विजेत्या संघात होता! मॅकफार्लिन फ्रीमँटलकडे दीर्घकाळ उत्तम खेळला, एवढाच काय तो दिलासा. फ्रीमँटलला आजवर एकही विजेतेपद मिळालेलं नाही.

२०२३ मध्ये हाच प्रश्न वेस्ट कोस्टसमोर आला. त्या वर्षी हार्ली रीड हा सर्वांत चर्चेतला तरुण होता. इतर क्लब क्रमांक १ च्या बदल्यात अनेक निवडी द्यायला तयार होते. एका बाजूचं म्हणणं होतं, ‘संघात एवढी भोकं असताना एक हिरा घेऊन काय करणार? तीन-चार चांगली मुलं घ्या.’ दुसरी बाजू म्हणत होती, ‘असा खेळाडू दहा वर्षांत एकदा येतो, त्याला सोडायचं नाही.’ वेस्ट कोस्टने निवड स्वतःकडे ठेवली आणि रीडला घेतलं.

रीड चमकला. पण मैदानात एका वेळी १८ जण असतात. दोन वर्षांनी संघ एका विजयावर थांबला, तेव्हा दोन्ही बाजूंना आपलंच म्हणणं खरं वाटत होतं.

पहिला नंबर म्हणजे यशाची हमी आहे का?

नाही. मेलबर्न संघाची गोष्ट याचा पुरावा आहे.

त्या काळी नियम होता की सलग दोन हंगामांत चारपेक्षा जास्त सामने न जिंकणाऱ्या संघाला एक जादा निवड मिळायची, तीही पहिल्या फेरीच्या आधी. मेलबर्नने २००८ मध्ये तीन आणि २००९ मध्ये चार सामने जिंकले. म्हणजे बरोबर नियमात बसेल एवढेच. त्यांना क्रमांक १ आणि २ अशा दोन्ही निवडी मिळाल्या.

मग प्रश्न विचारला जाऊ लागला, की संघ मुद्दाम हरला का? लीगने चौकशी केली. २०१३ मध्ये निष्कर्ष आला की क्लबने ठरवून सामने हरल्याचं सिद्ध होत नाही. तरी अधिकाऱ्यांच्या वर्तनाबद्दल क्लबला पाच लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला आणि तेव्हाच्या प्रशिक्षकासह दोघांवर निलंबनाची कारवाई झाली. आपोआप मिळणारी जादा निवड त्याआधीच, २०१२ मध्ये, बंद करण्यात आली होती.

आणि त्या दोन मौल्यवान निवडींचं काय झालं? क्रमांक १ वर घेतलेला टॉम स्कली दोन हंगामांत नव्याने सुरू झालेल्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी संघात निघून गेला. क्रमांक २ वरचा जॅक ट्रेंगोव्ह विशीतच सहकर्णधार झाला, पण पायाच्या दुखापतीने त्याची कारकीर्द अडकली. मेलबर्न पुढची अनेक वर्षं तळातच राहिला.

पण त्याच ड्राफ्टमध्ये मेलबर्नने ३४ व्या क्रमांकावर एका उंचपुऱ्या पोराला घेतलं होतं. त्याचं नाव मॅक्स गॉन. १२ वर्षांनी, २०२१ मध्ये, मेलबर्नने ५७ वर्षांचा दुष्काळ संपवून विजेतेपद जिंकलं, तेव्हा कर्णधार गॉन होता.

निवडलेली मुलं परत घरी का जातात?

ही ड्राफ्टची सर्वात दुखरी बाजू. टीव्हीवर नाव पुकारल्यावर टाळ्या वाजतात, आईवडील रडतात. काही दिवसांत तो मुलगा घरापासून हजारो किलोमीटर लांब असतो. रीड व्हिक्टोरिया राज्यातल्या टाँगाला या छोट्या गावचा. तिथून जवळचं महानगर मेलबर्न आणि मेलबर्न ते पर्थ हे अंतर सुमारे २,७०० किलोमीटर. पहिला करार मोजक्या वर्षांचा असतो. तो संपत आला की ‘घरी जाणार का?’ ही चर्चा सुरू होते.

२०१३ मध्ये ब्रिस्बेन लायन्समधून एकाच वेळी पाच तरुण खेळाडू बाहेर पडले. त्यात एलियट यो आणि सॅम डॉकर्टीसारखे पुढे नाव कमावणारे होते. क्लबने मुलं निवडली, शिकवली आणि फळ दुसऱ्यांनी खाल्लं.

२०२१ मध्ये नॉर्थ मेलबर्नने क्रमांक १ वर दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या जेसन हॉर्न-फ्रान्सिसला घेतलं. एका हंगामानंतर तो आपल्या राज्यातल्या पोर्ट ॲडलेड संघाकडे गेला. चाहते चिडले. पण अनेक संघांच्या त्या मोठ्या व्यवहारात मिळालेल्या निवडींवर नॉर्थ मेलबर्नने हॅरी शीझल आणि जॉर्ज वॉर्डलॉ यांना घेतलं. शीझल पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. म्हणजे गेलेला खेळाडू कायमच तोटा देतो असं नाही. पण दरवेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करणारा क्लब वर कधी येणार, हा प्रश्न उरतोच.

वडील खेळले म्हणून मुलगा आमचा?

सध्या सर्वात जास्त वाद याच मुद्द्यावर आहे. वडिलांनी एखाद्या क्लबकडून किमान १०० सामने खेळले असतील, तर मुलाला घेण्याचा पहिला हक्क त्या क्लबला मिळतो. याला ‘फादर-सन’ नियम म्हणतात. पूर्वी असे खेळाडू फारच स्वस्तात मिळायचे. जिलाँग संघाला गॅरी ॲब्लेट ज्युनिअर २००१ मध्ये ४० व्या आणि टॉम हॉकिन्स २००६ मध्ये ४१ व्या क्रमांकावर मिळाला.

नंतर नियम कडक झाला. आता दुसरा संघ त्या मुलावर ‘बोली’ लावतो, म्हणजे आपल्या क्रमांकावर त्याचं नाव पुकारतो. वडिलांच्या क्लबला तेवढी किंमत चुकवावी लागते, पण पैशात नाही, गुणांमध्ये. २०१५ मध्ये आलेल्या तक्त्यात क्रमांक १ च्या निवडीची किंमत ३,००० गुण आणि क्रमांक २ ची २,५१७ गुण ठरली. खालच्या क्रमांकांचे गुण कमी.

इथेच पळवाट होती. बरेच खालचे क्रमांक गोळा करायचे, त्यांची बेरीज दाखवायची आणि हिरा घ्यायचा. वर २० टक्के सूट! २०२२ मध्ये विल ॲशक्रॉफ्टवर क्रमांक २ ला बोली लागली. सूट धरून ब्रिस्बेनला साधारण २,०१४ गुण भरावे लागले. ते त्यांनी खालच्या निवडींच्या चिल्लरमधून भरले.

उत्तरेकडच्या चार क्लबना स्वतःच्या अकादमीतल्या मुलांवरही असाच हक्क आहे. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समध्ये रग्बीचं वेड जास्त. तिथे हा खेळ रुजावा, हा त्यामागचा हेतू. पण २०२३ मध्ये गोल्ड कोस्टने अकादमीतली चार मुलं एकाच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत घेतली, तेव्हा बाकीच्यांचा संयम सुटला. २०२५ च्या ड्राफ्टपासून सूट १० टक्क्यांवर आली आणि खालच्या निवडींची किंमतही घटली.

मग संघ बांधायचा कसा?

२०२४ आणि २०२५ असं सलग दोनदा विजेतेपद मिळवणाऱ्या ब्रिस्बेनकडे पाहिलं की उत्तराचा अंदाज येतो. २०१३ मध्ये पाच मुलं गमावलेला हाच तो क्लब. २०१७ मध्ये तो तळाला होता. वर येण्यासाठी त्याने तिन्ही रस्ते वापरले.

ड्राफ्टमधून ह्यू मॅक्लगेज आणि क्रमांक १ वर कॅम रेनर आले. ट्रेडमधून लॅकी नील आणि जॉश डंक्ली, तर मोकळा खेळाडू म्हणून जो डॅनिहर आला. आणि फादर-सन नियमातून विल ॲशक्रॉफ्ट, जॅस्पा फ्लेचर आणि विलचा धाकटा भाऊ लीव्हाय. विल दोन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणून टीकाकार म्हणतात, हे विजेतेपद नशिबाचं. समर्थक म्हणतात, नशिबाला साथ द्यायला बाकीचा संघ तयार होता.

जिलाँगचा रस्ता उलटा आहे. तो सहसा तळाला जातच नाही. पॅट्रिक डेंजरफील्ड, जेरेमी कॅमरन असे तयार खेळाडू ट्रेडमधून आणायचे आणि ड्राफ्टमधल्या मागच्या निवडींतून रत्नं शोधायची. २०२२ चं विजेतेपद त्यांनी बऱ्याच तिशीपारच्या खेळाडूंसह जिंकलं. पण हे सगळ्यांना जमत नाही. जिंकणाऱ्या क्लबकडे खेळाडू स्वतःहून येतात. तळातल्या क्लबकडे कोण येणार?

थोडक्यात काय?

वेस्ट कोस्टचा पेच नेमका इथे आहे. रीड आणि डर्स्मा ही दोन वर्षांतली दोन ‘पहिली’ मुलं त्यांच्याकडे आहेत. दोघंही व्हिक्टोरियाचे, घर देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांना थांबवायचं असेल तर संघ जिंकायला लागला पाहिजे. आणि संघ जिंकायचा असेल तर ही मुलं थांबली पाहिजेत.

ड्राफ्ट संधी समान वाटतो. पण त्या संधीचं सोनं करायला चांगले प्रशिक्षक, अनुभवी सहकारी आणि धीर लागतो. त्यांचं वाटप कुठल्याही ड्राफ्टमध्ये होत नाही. २०२८ मध्ये टास्मानियाचा १९ वा संघ लीगमध्ये उतरायचा आहे. नव्या संघाला उभं करायचं तर त्याला चांगल्या निवडी द्याव्या लागणार, म्हणजे तळातल्या संघांच्या वाट्याला येणारी रांग आणखी मागे सरकणार. तोवर आपली मुलं टिकवून वर सरकणं, एवढाच वेळ वेस्ट कोस्टच्या हातात आहे.