सही करण्यापूर्वी

ॲप सुरू करताना ‘मला मान्य आहे’ या बटणावर आपण न वाचताच बोट ठेवतो. मी स्वतः सॉफ्टवेअर अभियंता आहे, तरी तेच करतो. पण एखाद्या देशाने तसे केले तर? दक्षिण अमेरिकेतील छोट्या इक्वेडोरचा अनुभव आपण तरुणांनी समजून घ्यावा असा आहे.

परकीय भांडवल यावे म्हणून इक्वेडोरने अनेक देशांशी गुंतवणूक संरक्षण करार केले. अमेरिकेशी १९९३ मध्ये केला. अशा करारांमुळे परदेशी कंपनी सरकारला थेट आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचू शकते. २००६ मध्ये सरकारने ऑक्सिडेंटल या अमेरिकी तेल कंपनीचे कंत्राट रद्द केले, कारण तिने मंजुरी न घेता आपला काही हिस्सा दुसऱ्या कंपनीला दिला होता. कंपनीची चूक लवादानेही मान्य केली. मात्र शिक्षा प्रमाणाबाहेर आहे, असे सांगून २०१२ मध्ये सुमारे १७७ कोटी डॉलरची भरपाई देण्याचा आदेश दिला. २०१५ मध्ये ती सुमारे १०६ कोटींवर आली.

दरम्यान देशाने वाट बदलली होती. २००८ च्या संविधानाने अशा लवादांवर मर्यादा घातल्या. २०१३ मध्ये सगळे करार तपासायला आयोग नेमला आणि २०१७ मध्ये उरलेले करार रद्द करायला घेतले. तरी सुटका लगेच नाही. अमेरिकेशी असलेला करार संपल्यानंतरही जुन्या गुंतवणुकींना आणखी दहा वर्षे त्याचे संरक्षण आहे. पुढे सरकार बदलले, धोरणही बदलू लागले. अखेर २०२४ मध्ये लवादाचा प्रश्न सार्वमताला आला आणि बहुसंख्य मतदारांनी ‘नाही’ म्हटले.

सरकारेही मनमानी करतात, म्हणून गुंतवणूकदाराला दाद मागता आलीच पाहिजे. पण देशातल्या लहान दुकानदाराला जो दरवाजा बंद, तो केवळ परदेशी कंपनीला का उघडा? माझा आक्षेप इथे आहे.

हा प्रश्न आपल्याही दारात आहे. २०११ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज ही ऑस्ट्रेलियन कंपनी आपल्या न्यायालयांतील दिरंगाईवर बोट ठेवून भारताविरुद्ध जिंकली. त्यानंतर २०१६ च्या नमुना करारात, आधी पाच वर्षे देशातच दाद मागावी, अशी अट आली. २०२४ मध्ये लागू झालेल्या संयुक्त अरब अमिरातीबरोबरच्या करारात ती तीन वर्षांवर आली. कोकणातली कितीतरी घरे आखाताशी जोडलेली आहेत, पण या बदलावर आपल्यात किती बोलणे झाले?

असे करार संसदेपुढे मंजुरीसाठी आणण्याची सक्ती आपल्या संविधानात नाही. म्हणून नागरिकांनीच विचारायला हवे. आपल्या खासदाराला पत्र लिहा, मसुदा सहीपूर्वी लोकांपुढे ठेवण्याची मागणी करा. इक्वेडोरच्या मतदाराला त्याचे मत विचारले गेले, पण भरपाईचा बोजा पडून गेल्यावर. आपण त्याआधीच विचारू या.