आपल्या माणसाला जाब

कीथ वाझ यांची ब्रिटिश संसदेतील कारकीर्द ३२ वर्षांची. १९८७ पासून लेस्टर ईस्टच्या मतदारांनी त्यांना सलग आठ वेळा निवडून दिले. त्याच काळात सभागृहाने त्यांना दोनदा निलंबित केले, आधी एका महिन्यासाठी आणि मग सहा महिन्यांसाठी. खासदारकी संपून दोन वर्षे होत आली असताना, माजी खासदारांना मिळणारा संसद भवनाचा पास त्यांना कधीही देऊ नये, असा निर्णयही झाला. मतदारांचा एवढा विश्वास आणि सभागृहाचा एवढा ठपका एकाच माणसाच्या वाट्याला कसा आला, हे समजून घेणे लोकशाही मानणाऱ्या प्रत्येकासाठी गरजेचे आहे. प्रतिनिधीच्या कामाचा हिशेब मतपेटीत होतो. त्याच्या वर्तनाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो आणि तो त्याच्या सहकाऱ्यांच्या मर्जीवर सोडून चालत नाही. वाझ प्रकरणाचा हाच धडा आहे.

१९८७ च्या त्या विजयाचे मोल कमी लेखता येणार नाही. दादाभाई नौरोजी, मंचरजी भावनगरी आणि शापूरजी सकलातवाला या मुंबईशी नाते असलेल्या तीन पारशी नेत्यांनी ब्रिटिश संसद गाजवली होती. १९२९ मध्ये सकलातवाला पराभूत झाले आणि त्यानंतर तब्बल ५८ वर्षे हाउस ऑफ कॉमन्समध्ये एकही आशियाई वंशाचा खासदार नव्हता. मूळच्या गोव्याच्या कुटुंबात, एडनमध्ये जन्मलेल्या वाझ यांनी ही पोकळी भरून काढली. तीही लेस्टरमधून. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकलले, तेव्हा याच शहराच्या नगरपालिकेने युगांडातल्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असे बजावले होते. तरीही माणसे आली, दुकाने उभी राहिली, मुले शिकली आणि अवघ्या पंधरा वर्षांत त्याच शहराने एका आशियाई तरुणाला संसदेत धाडले. त्या निकालाने किती घरांत मान ताठ झाली असेल, हे परदेशात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

वाझ यांनी कामही केले. टोनी ब्लेअर यांच्या सरकारात ते युरोपविषयक राज्यमंत्री होते. २००७ ते २०१६ अशी नऊ वर्षे ते गृह खात्यावरील संसदीय समितीचे अध्यक्ष राहिले. फोन हॅकिंग, २०११ च्या दंगली, रॉदरहॅममधील मुलींचे लैंगिक शोषण अशा प्रकरणांत या समितीने बड्या पोलीस अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारले. २०१४ च्या मे महिन्यात फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली आणि ऐन हंगामात कोकणातला बागायतदार हवालदिल झाला, तेव्हा ही बंदी उठावी म्हणून लंडनमध्ये सर्वांत मोठा आवाज वाझ यांचाच होता. हापूसची पेटी थेट पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांच्याकडे पोहोचवण्यापर्यंत त्यांनी ते प्रकरण लावून धरले. पुढच्या हंगामाआधी बंदी उठली. आपल्या लोकांच्या अडचणीला धावून जाणारा खासदार ही त्यांची ख्याती उगीच झालेली नव्हती.

पण याच ख्यातीने अनेकांची नजर बांधली. २००१ मध्ये हिंदुजा बंधूंच्या ब्रिटिश नागरिकत्वाचे प्रकरण गाजले. त्यात पीटर मँडेलसन यांना मंत्रिपद सोडावे लागले. वाझ यांनीही त्या अर्जांबाबत गृह खात्याकडे विचारणा केली होती. सरकारने नेमलेल्या चौकशीत त्यांचे वर्तन गैर ठरले नाही, हे नमूद करायलाच हवे. मात्र त्याच सुमारास संसदेच्या आचार आयुक्त एलिझाबेथ फिल्किन त्यांच्या आर्थिक व्यवहारांविषयीच्या तक्रारी तपासत होत्या. त्यातल्या बऱ्याचशा आरोपांत तथ्य आढळले नाही, तर अनेकांचा तपास अर्धवट राहिला, कारण वाझ यांनी उत्तरेच दिली नाहीत. पुढच्या चौकशीत त्यांनी एका माजी महिला पोलिसावर खोटा आरोप केल्याचे निष्पन्न झाले. त्या आरोपामुळे ती साक्षीदार दबावाखाली येऊ शकली असती, असे संसदेच्या आचार समितीने म्हटले आणि २००२ मध्ये सभागृहाने त्यांना महिनाभर निलंबित केले. याच काळात फिल्किन यांनाही पद सोडावे लागले. त्यांची मुदत वाढवण्याऐवजी त्यांना पुन्हा अर्ज करायला सांगण्यात आले. त्यांनी तो केला नाही आणि राजकीय दबावाची तक्रार करून त्या निघून गेल्या. ज्याची चौकशी झाली तो खासदार महिन्याने बाकावर परतला आणि चौकशी करणारी घरी गेली, ही त्या प्रकरणातली सर्वांत गंभीर बाब होती.

पाच वर्षांनी याच खासदाराला एका बलाढ्य समितीचे अध्यक्षपद मिळाले. सप्टेंबर २०१६ मध्ये एका रविवारच्या वृत्तपत्राने छुप्या ध्वनिमुद्रणाच्या आधारे देहविक्रय करणाऱ्या दोन पुरुषांशी झालेल्या त्यांच्या खासगी भेटीचा तपशील छापला. खासगी आयुष्यात अशी घुसखोरी करणारी पत्रकारिता आम्हाला मान्य नाही आणि प्रौढ माणसांच्या संमतीच्या संबंधांशी सभागृहाला काही देणेघेणे असू नये. मात्र प्रश्न तेवढाच नव्हता. त्यांची समिती त्याच वेळी वेश्याव्यवसायासंबंधीच्या कायद्याचा अभ्यास करत होती आणि ध्वनिमुद्रणात दुसऱ्यासाठी कोकेन विकत घेण्याची तयारी दाखवल्याचे ऐकू येत होते. पोलिसांनी पुढे कारवाई केली नाही. वाझ यांनी समितीचे अध्यक्षपद सोडले, पण दोन महिने उलटायच्या आत सभागृहाने त्यांची न्याय खात्यावरील समितीवर वर्णी लावली. आचार समितीचा अहवाल यायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. त्या दोन व्यक्ती घराच्या रंगकामाबद्दल बोलायला आल्या होत्या, हा वाझ यांचा खुलासा समितीने हास्यास्पद ठरवून फेटाळला आणि चौकशीला पूर्ण सहकार्य न केल्याचाही ठपका ठेवला. सहा महिन्यांचे निलंबन मंजूर झाले. पुढे काही दिवसांतच निवडणुकीसाठी संसद विसर्जित झाली आणि वाझ यांनी निवृत्ती जाहीर केली. २०१५ च्या कायद्याने ब्रिटिश मतदारांना निलंबित खासदाराला परत बोलावण्याचा अधिकार दिला आहे. मतदारसंघातील दहा टक्के मतदारांनी सह्या केल्या की पोटनिवडणूक होते. तीन वर्षांच्या दिरंगाईमुळे लेस्टर ईस्टच्या लोकांना तो अधिकार वापरताच आला नाही.

सर्वांत मोठी किंमत मात्र जिचे नावही मतदारांना ठाऊक नव्हते अशा एका स्त्रीने मोजली. संसदीय समित्यांचे लिपिक हे सभागृहाचे कायम नोकर असतात. साक्षी जमवणे, अहवालाचा मसुदा करणे, नियम काय सांगतो ते अध्यक्षाला स्पष्टपणे सांगणे हे त्यांचे काम. गृह समितीत असे काम करणाऱ्या एका महिला लिपिकाला वाझ यांच्याकडून वारंवार अपमान सोसावा लागला. तू आई नाहीस म्हणून हे काम तुला जमत नाही, असे ऐकवल्याचीही तिची तक्रार होती. वरिष्ठांना हे ठाऊक होते, तरी कोणी मध्ये पडले नाही. २०११ मध्ये तिने नोकरी सोडली. जुन्या तक्रारी ऐकण्याची सोयच संसदेत नव्हती. संसद कर्मचाऱ्यांच्या छळाविषयी डेम लॉरा कॉक्स यांच्या २०१८ च्या अहवालाने सभागृहाची लाज काढली आणि मग कुठे नियम बदलला. सप्टेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्वतंत्र तज्ज्ञ मंडळाचा निर्णय आला आणि तिची छळाची तक्रार खरी ठरल्याचे जाहीर झाले. तोवर तिने निवडलेली कारकीर्द संपून दहा वर्षे झाली होती.

अल्पसंख्याक नेत्यांना अधिक कठोर फूटपट्टी लावली जाते, असा युक्तिवाद अशा वेळी होतो. तो निराधार नाही. डायअ‍ॅन अ‍ॅबट या कृष्णवर्णीय खासदारांना आयुष्यभर सोसावी लागलेली वर्णद्वेषी शिवीगाळ साऱ्या ब्रिटनला ठाऊक आहे. पण वर्णद्वेषाविरुद्धचा लढा म्हणजे दुबळ्यावर बळ चालवणाऱ्याला अडवण्याचा लढा. बारा गावचे पाणी प्यायलेला अध्यक्ष आणि त्याच्या हाताखालची लिपिक यांच्यात दुबळे कोण, हे सांगायला नको. आपल्या समाजाचा म्हणून अशा वर्तनावर पांघरूण घालणारे त्या समाजातल्या पुढच्या तरुणांचाच मार्ग कठीण करतात.

ब्रिटन यातून काही शिकले. आचार समितीत खासदारांच्या बरोबरीने बाहेरचे नागरिक बसतात आणि छळाच्या तक्रारींवरील शिक्षा स्वतंत्र मंडळ ठरवते. तरीही २०२१ च्या नोव्हेंबरात आचारभंगाचा ठपका बसलेले आपल्याच पक्षाचे खासदार ओवेन पॅटरसन यांना वाचवण्यासाठी बोरिस जॉन्सन सरकारने नियमच बदलण्याचा घाट घातला होता. लोकक्षोभामुळे तो एका दिवसात गुंडाळावा लागला. सत्ताधाऱ्यांना हा मोह कधी ना कधी होतोच.

भारतानेही हे पाहिले आहे. १९५१ मध्ये मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत त्यांचे काम केल्याबद्दल एच. जी. मुद्गल यांच्या हकालपट्टीचा ठराव खुद्द पंडित नेहरूंनी आपल्याच पक्षाच्या खासदाराविरुद्ध मांडला. मुद्गल यांनी मतदानाआधी राजीनामा दिला, तर त्या पळवाटेचीही सभागृहाने निंदा केली. २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेणाऱ्या अकरा खासदारांना काही दिवसांतच घरी पाठवण्यात आले. म्हणजे इच्छा असली की आपली संसद कठोर होऊ शकते. अडचण अशी की सगळे या इच्छेवरच अवलंबून आहे. आपल्या नीती समित्यांत फक्त खासदार बसतात, स्वतंत्र आयुक्त नाही आणि खासदाराला परत बोलावण्याचा अधिकार मतदाराला नाही. त्यामुळे कारवाई झाली तरी ती न्याय की बहुमताचा सूड, ही शंका उरते. संसद आणि विधिमंडळांसाठी ठरावीक मुदतीचा, मुदतीत हटवता न येणारा स्वतंत्र आयुक्त नेमावा, चौकशीला कालमर्यादा घालावी आणि सभागृहाच्या कर्मचाऱ्यांना लोकप्रतिनिधीविरुद्ध तक्रार करण्याची सुरक्षित सोय द्यावी. यातल्या एकाही गोष्टीला घटनादुरुस्ती लागत नाही.

२०१७ मध्ये लेस्टर ईस्टमध्ये मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी वाझ यांना मते दिली होती. २०२४ मध्ये ते एका छोट्या पक्षातर्फे तिथेच पुन्हा उभे राहिले, तेव्हा त्यांना चार हजार मतेही मिळाली नाहीत. मतदारांचा निकाल अखेर आला, पण त्या लिपिकाची नोकरी किंवा फिल्किन यांचे पद त्यामुळे परत मिळाले नाही. मतपेटीचा निवाडा पाच वर्षांनी एकदा होतो आणि तो साऱ्या कामाचा मिळून होतो. सत्तेखाली रोज काम करणाऱ्यांना त्याआधी दाद मागण्याची जागा हवी. ती उभारणे हे प्रत्येक सभागृहाचे पहिले कर्तव्य आहे आणि ते करायला भाग पाडणे हे, आपल्या माणसाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक मतदाराचे.