बंद पेट्रोल पंपाखालची जमीन आणि शेजारची विहीर

फुलसावंगी (ता. महागाव, जि. यवतमाळ) हे पैनगंगेच्या खोऱ्यातील, काळ्या जमिनीचे गाव. अमरावती धर्मप्रांताच्या सीमेत अशी रस्त्याकाठची मोठी गावे पुष्कळ आहेत. रस्ता आला की पेट्रोल पंप येतो. परंतु पंप कायमचा नसतो. भाडेपट्टा संपतो, रस्ता रुंद होतो, विक्रेता दुसरीकडे जातो आणि जागा मूळ मालकाकडे परत येते. पुढे तेथे दुकानांची चाळ उभी राहते, घर बांधले जाते, बोअर खोदली जाते. कित्येक वर्षे जमिनीखाली असलेल्या टाकीतून काय झिरपले, हा प्रश्न या व्यवहारात कोणी विचारत नाही. सातबाऱ्यावर भाडेपट्ट्याची नोंद सापडेलही, गळतीची सापडणार नाही. प्रस्तुत लेखाचा रोख कोणत्याही एका पंपावर नाही. न विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नावर आहे.

हा धोका काल्पनिक नव्हे. सन २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेट भागात भूमिगत वाहिनीतून गळलेले इंधन घरगुती बोअरच्या पाण्यात उतरले. सन २०२४ च्या प्रारंभी गोव्यात वास्कोजवळील चिखली परिसरात विहिरीत इंधन आढळले आणि त्याने पेट घेतला. ही प्रकरणे वाहिन्यांची होती व मोठी होती, म्हणून ती उघडकीस आली. पंपाच्या टाकीची गळती बहुधा थेंबाथेंबाने होते. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यान्वये भूमिगत टाक्यांची नोंद व तपासणी सुरू झाली आणि तेव्हापासून साडेपाच लाखांहून अधिक गळत्या नोंदविल्या गेल्या. त्या देशातील टाक्या विशेष निकृष्ट होत्या असे नव्हे. त्यांनी शोधले, म्हणून त्यांना सापडले.

आपल्या भागातील जमीन या बाबतीत अधिक अडचणीची आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्या हालचालीचा ताण जमिनीतील नळांच्या सांध्यांवर येतो. गळलेले इंधन भेगांतून खाली मुरमात व तेथून खडकाच्या फटींत उतरते. अग्निजन्य काळ्या खडकात पाणी सर्वत्र सारखे पसरत नाही, फटी नेतील तिकडे जाते. त्यामुळे पंपालगतची विहीर स्वच्छ आणि दूरची बोअर दूषित, असे घडू शकते. भूजलाची पातळी पावसाळ्यात वर येते, मे महिन्यापर्यंत खाली जाते. पाण्यावर तरंगणारा इंधनाचा थरही तिच्याबरोबर वरखाली होऊन माती माखत राहतो.

पेट्रोलमधील सर्वांत चिंताजनक घटक म्हणजे बेन्झीन. त्याने रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आणि बेन्झीनचा स्वतःचा वास येऊ लागतो तो या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे. ‘वास येत नाही, म्हणजे पाणी चांगले’ हा समज म्हणूनच फसवा आहे. ब्लीचिंग पावडरचा येथे उपयोग नाही. पाणी उकळले तर तीच वाफ स्वयंपाकघरात पसरते. देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र सक्तीचे झाले. त्याआधीच्या पंपांच्या जागी शिसेही तपासले पाहिजे.

खरी तपासणी कशी असते? प्रथम कागद: टाक्यांचा नकाशा, परवाना, रोजच्या साठ्याच्या मोजणीची वही. वहीतील तूट पुष्कळ काही सांगते, आणि जुन्या कामगाराची आठवण कधी कधी वहीपेक्षाही अधिक. नंतर टाकी, नळ व इंधन भरण्याच्या जागेजवळ वेगवेगळ्या खोलीवरील मातीचे नमुने घेतले जातात. भूजलाची दिशा कळण्यासाठी किमान तीन निरीक्षण-विहिरी लागतात. एकदा पावसाळ्यापूर्वी व एकदा नंतर, असे निदान दोन वेळा नमुने घ्यावे लागतात. येथे एक साधी गोष्ट सर्वांत जास्त चुकते. अर्धवट भरलेल्या प्लास्टिकच्या कॅनमधून पाणी नेले तर बेन्झीन वाटेतच उडून जाते व अहवाल ‘आढळले नाही’ असा येतो. काचेची लहान बाटली काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता, बर्फात ठेवून नेली पाहिजे. गावात नेहमी होते ती जंतू, नायट्रेट व फ्लोराइडची तपासणी. फ्लोराइडने यवतमाळ जिल्ह्याला दिलेला त्रास पाहता ती आवश्यकच आहे, परंतु तिच्यात पेट्रोल दिसत नाही.

तज्ज्ञता दूर आहे, ही सबब विदर्भात टिकणारी नाही. पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे, ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्थाही नागपुरातच आहे. उणीव होती ती जबाबदारी निश्चित करणाऱ्या चौकटीची. ती काही अंशी २४ जुलै २०२५ रोजी भरली गेली. केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी द्यावयाची आहे, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करावयाची आहे, त्यानंतर सविस्तर तपासणी, आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याचा. मात्र स्थळ दूषित ठरल्यावर ते किती काळात स्वच्छ झाले पाहिजे, याची कालमर्यादा नियमांत नाही. ही त्रुटी लहान नाही. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासविल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भरपाईचा निर्णय दिला, तरी पुढे कित्येक वर्षे पैसा आणि स्वच्छता दोन्ही रखडले.

तूर्त गावाच्या हाती आहे ती यादी. बंद पंपाची जागा माहीत असते ती ग्रामस्थांना, जिल्हा कार्यालयाला नव्हे. ग्रामसभेने जुन्या पंपांच्या जागा, बंद झाल्याचे साल आणि आसपासच्या विहिरी व बोअर यांची नोंद ठरावाने जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविली, तर पुढील सहामाही अहवालात ती का आली नाही, असे विचारण्यास आधार राहील. भाडेपट्ट्याने जमीन देणाऱ्या शेतकऱ्यानेही करारातच लिहून घ्यावे की, जागा परत करताना टाक्या काढल्या जातील आणि माती-पाण्याचा अहवाल त्याच्या हाती दिला जाईल.