बासरी घ्या, पण फुंकून बघून

बाजारातून मुलाला रंगीत बासरी आणून द्यायची आणि महिनाभराने ‘याला काही जमत नाही’ म्हणून ती माळ्यावर टाकायची, असं करणाऱ्या पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पोराला दोष देण्याआधी ती बासरी कुणा जाणत्याकडून वाजवून घ्या.

तानपुरा रोज जुळवता येतो. पेटीचे सूर उतरले तर कारागीर ते करून देतो. बासरीत मात्र तापलेल्या सळईने भोक पडलं, की तिथला सूर कायमचा ठरला. म्हणून बासरीची खरी किंमत असते ती करणाऱ्याच्या कानाला.

माझ्याकडे बेळगावच्या खासबागेत शिकायला येणाऱ्या एका मुलाचा गंधार काही केल्या लागेना. त्याची पिवळीधमक बासरी मी फुंकून पाहिली. सा ठीक, ग चढा, आणि तार सा कुठल्या कुठे! पोर बिचारं मान तिरकी करकरून दमलं होतं. अशा बासरीवर रियाज केला की बेसूरच कानात बसतो, आणि तो काढताना नाकी नऊ येतात.

आमच्या खासबाग-वडगाव भागातल्या विणकरांच्या हाती साडी दिली, तर ते आधी ती उलटी करून बघतात. बासरीही तशीच पारखायची. वरची तीन भोकं झाकून सा लावा, त्याच बोटांवर जोरात फुंकून तार सा काढा, दोन्ही फोनवरच्या तानपुऱ्याशी ताडून बघा. मग सहाही भोकं झाका. मंद्र पंचम हळू फुंकरीला भरीव उमटला पाहिजे. पुष्कळ बासऱ्या तिथेच उघड्या पडतात. बारीक चीर आहे का, तेही उजेडात धरून पाहा.

पन्नालाल घोषांनी सुमारे ३२ इंची बासरी मैफलीत आणली, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाची बोटं तिच्यावर पोचत नाहीत. त्याच्यासाठी पांढरी एक (C) पट्टीची, साधारण दीड फुटाची घ्या. बेंगळुरूहून मागवत असाल तर आठ भोकांची कर्नाटकी बासरी येत नाही ना, हे विचारा. तिचा सा दोन भोकांवर असतो.

फुंकून बघू न देणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा. ऑनलाइन घ्यायचीच असेल, तर तुम्हाला येणार त्याच बासरीचं रेकॉर्डिंग आधी मागून घ्या.