पत्त्यावरची मोहिनी आणि डोक्यावरचा जग

परवा इथे सिंगापुरात एका मैत्रिणीच्या घरी टॅरोची पानं मांडली होती. पानं वाचणाऱ्या बाई म्हणाल्या, 'लव्हर्स' म्हणजे अर्धनारीनटेश्वर, 'मॅजिशियन' म्हणजे मोहिनी. आपली संस्कृती मुळातच किती क्वीअर होती बघा! सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी तो फोटो कुणाच्या तरी फॅमिली ग्रुपवर पोचला आणि एक काका उखडले. ही पाश्चात्त्य थेरं आहेत, आपल्या देवांची विटंबना आहे, वगैरे. वाचकहो, मला या दोघांशीही भांडायचं आहे.

आधी काकांशी. काका, गोव्याला गेलात की म्हार्दोळला म्हाळसा नारायणीच्या पाया पडताच ना? ती विष्णूचं मोहिनीरूप मानली जाते आणि देवी असून तिच्या अंगावर जानवं असतं. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथला मोहिनीराजही विष्णूचंच मोहिनीरूप. ही दैवतं कुणी बाहेरून आणली नाहीत. तुमच्या आजीने त्यांची ओटी भरली आहे. देवळात चालतं ते शेजारच्या खोलीतल्या भाच्याच्या बाबतीत का चालत नाही, एवढंच सांगा.

आता टॅरोवाल्यांशी, कारण ती माझीच माणसं आहेत आणि माझा राग त्यांच्यावर जास्त आहे. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा खेळ. तो इजिप्तच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ आहे, ही कथा 1781मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने रचली. पुरावा नव्हता, पण कथा चालली. आज बहुतेक ठिकाणी दिसणारी 78 पानं 1909 सालची. ती पामेला कोलमन स्मिथ या बाईने अगदी थोड्या पैशांत काढली. संचाला नाव मिळालं प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांचं. बाई कित्येक वर्षं गायबच.

खेळाला नवे अर्थ द्यायला माझी हरकत नाही. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यांत दशावतारांचे 120 गोल पत्ते आहेतच; परशुरामाचं पान टाकल्याने कुणाचा धर्म बुडाला नाही. हरकत आहे ती देव उचलून भक्त मागे सोडण्याला. पामेलाबाईंचं झालं तेच पुन्हा होतंय, फक्त या वेळी गाळलेली नावं आपल्याकडची आहेत.

त्या परशुरामाचीच आई रेणुका. बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीची यल्लम्मा ती हीच. तिच्या नावाने लुगडं नेसणारे, चौंडकं वाजवत जोगवा मागणारे जोगते कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांनी पाहिले असतील. टॅरोच्या शेवटच्या पानाचं नाव 'वर्ल्ड', म्हणजे जग. पुष्कळ जण त्यावरची नाचणारी आकृती स्त्री-पुरुष दोन्ही मानतात. जोगत्याच्या डोक्यावरही जगच असतो, पण तो टोपलीत बसवलेला देवीचा जग. तो घेऊन उन्हातान्हात गावोगाव चालावं लागतं. केसांत जट आली, आजार हटेना, मुलाचं चालणं-बोलणं बायकी वाटलं की देवीने मागितलं म्हणायचं आणि पोर सोडून द्यायचं. देवीच्या नावाने त्याला नमस्कार मिळाला, पण घर, शिक्षण, लग्न यातलं काही मिळालं नाही. मुलींचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. कर्नाटकाला 1982मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा करावा लागला. राजन गवसांनी हे सगळं कादंबऱ्यांत लिहून ठेवलंय. 'आपली संस्कृती किती उदार' म्हणण्याआधी त्या वाचा.

इतकं लांबही जायला नको. चायनाटाउनमधल्या मारिअम्मन मंदिरात, जिथे दिवाळीच्या आधी लोक निखाऱ्यांवरून चालतात, तिथे अरवानही पुजला जातो. तोच अर्जुनाचा मुलगा, ज्याच्याशी कृष्णाने मोहिनी होऊन एका रात्रीपुरतं लग्न केलं. तमिळनाडूतल्या कूवागमला दरवर्षी तृतीयपंथी स्त्रिया त्याच्या नावाने ताळी बांधून घेतात आणि दुसऱ्या दिवशी बांगड्या फोडून रडतात. सौंदत्तीलाही रांडाव पुनवेला बांगड्या फुटतात. या कथेतून रडणं वगळलं की मोहिनी उरते ती नुसती सुंदर बाई. पत्त्यावर नेमकी तेवढीच छापतात.

मग क्वीअर माणसांनी पुराणात स्वतःला शोधूच नये का? जरूर शोधावं. ज्या मुलाला घरच्या आरतीत अवघडून उभं राहावं लागतं, त्याला एका पानावर अर्धनारीनटेश्वर पाहून धीर येत असेल, तर तो धीर मी हिरावून घेणार नाही. पण हक्क देवाच्या दाखल्यावर टांगू नका. उद्या कुणी दुसरं पुराण काढून तो दाखला रद्द करेल. इथलं 1938 सालचं 377ए कलम 29 नोव्हेंबर 2022 रोजी संसदेने रद्द केलं. त्यामागे माणसांनी वर्षानुवर्षं कोर्टात आणि रस्त्यावर केलेली खटपट होती. त्याच दिवशी लग्नाच्या व्याख्येला कोर्टात आव्हान देता येऊ नये म्हणून राज्यघटनाही बदलली. दोन बायकांचं किंवा दोन पुरुषांचं लग्न इथे आजही लागत नाही. हा पेच कुठल्याही पानाने सुटत नाही.

म्हणून टॅरोवाल्या मित्रमैत्रिणींनो, पानं खुशाल मांडा. मोहिनीचं पान उलटलं की जोगत्यांचं आणि कूवागमच्या विधवांचंही सांगा, आणि फीमधला काही वाटा त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांकडे पाठवा. आणि काका, यंदा गणपतीचं आमंत्रण भाच्याला पाठवताना त्याच्या जोडीदाराचंही नाव लिहा. म्हाळसेची काहीच हरकत नसेल.